लाला, खाली बस

"मारा बाय, मारा! नायतर पाठी लागंल तुमच्या."

माझा एक पाय होडीत होता, एक चिखलात. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात चपला. आणि ही कोळीण मला दगड मारायला सांगत होती. कुणाला मारायचा, ते काही दिसेना. पुळणीवर पुरुषभर उंचीची धोंड्यांची एक रास होती, तिच्याभोवती निवडुंग माजलं होतं. होडीतून उतरलेला जो तो वाटेतला एक दगड उचलून त्या राशीवर भिरकावत होता आणि भिरकावताना म्हणत होता, "लाला, खाली बस!" उघडीनागडी पोरं म्हणत होती, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका म्हणत होत्या. आमच्याबरोबर धोतर सावरत उतरलेले तलाठीसुद्धा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले.

"कोण लाला?" मी विचारलं.

"खविस. लाला खविस." कोळणीचं नाव येसू होतं, हे मला मागाहून कळलं. "लई जुना हाय. उठाया बघतो. गावानं दगूड मारून मारून दाबून ठेवलाय त्याला."

मी सव्वीस वर्षांची होते. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, वर बी.टी. सावरबंदरच्या शाळेत इतिहास शिकवायला निघालेली. मी मान ताठ करून म्हटलं, "माझा नाही भुतांवर विश्वास."

"नसंना का," येसू म्हणाली. "त्याचा असंल तुमच्यावर."

सगळे हसले. मीही ओशाळून हसले, पण दगड काही मारला नाही.

सगळ्यात शेवटी, होडी बांधून, तरवाला आला. इब्राहिमचाचा. उंच, काळाभोर, डोक्याचा चकोट केलेला आणि त्यावर पांढरी टोपी. उतारूंना हाताला धरून उतरवताना तो "पोले, पोले" म्हणायचा. 'हळू, हळू' अशा अर्थाने तो शब्द त्या गावात सगळ्यांच्याच तोंडी होता. त्यानेही एक दगड उचलला, पण भिरकावला नाही. राशीशी वाकून दोन्ही हातांनी त्याने तो एका खळग्यात बसवला, काहीतरी पुटपुटला आणि गेला. मला वाटलं, म्हातारा आहे, हात उचलत नसेल. दिवसभर वल्हं ओढणाऱ्या माणसाचा हात उचलत नसेल, असं मला वाटलं! शिकलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही ते असं.

आज माझी ऐंशी उलटली आहे. ही गोष्ट एकोणीसशे सत्तरची, मी सावरबंदरात रुळल्यावर दोन वर्षांनी घडलेली.

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात इब्राहिमचाचाची नात होती, झुलेखा. आई बाळंतपणात गेलेली, बाप बोटीवर गेला तो परत आलाच नव्हता. आजोबांनी एकट्याने वाढवलेली ही पोर वर्गात पहिली यायची. तिचे केस इतके कुरळे होते, की ते ओढूनताणून वेणीत बसवायला तिचा सकाळचा तास जायचा. खोबरेल इतकं चोपडायची, की वह्यांना डाग पडायचे. मुलं 'हबशीण' म्हणून चिडवायची. मग ती मान वर करून सांगायची, "आम्ही अरब आहोत. माझे खापरपणजोबा मस्कतहून आले." तिची मंगनी झालेली होती. वरच्या बंदरातल्या एका सारंगाचं, गलबताच्या कप्तानाचं, घर, मोठं खानदानी. परीक्षा झाली की निकाह व्हायचा होता. सगळ्या गावात इब्राहिमचाचाएवढा खूश माणूस त्या वर्षी नव्हता.

त्या हिवाळ्यात मी वर्गाला एक गृहपाठ दिला. घरात बोलले जाणारे, पण पुस्तकात न सापडणारे शब्द लिहून आणा. कोळ्यांच्या मुलांनी वाऱ्यांची नावं आणली, आगरातल्या मुलींनी माडाच्या भागांची. झुलेखाने सहाच शब्द आणले होते. माजी म्हणजे पाणी. न्योटा म्हणजे चांदणी. गोमा म्हणजे ढोलकं. अशा शब्दांची कोकणीत ओळख लागेना, अरबीतही लागेना. मी त्या पानावर लाल शाईने 'उत्तम' लिहिलं, ते पान तिच्याकडून मागून घेतलं आणि शब्द उतरवून माझ्या धाकट्या मामांना पाठवले. मामांची सगळी नोकरी नैरोबीला रेल्वेत झाली होती. पत्रात लिहायला काहीतरी हवं म्हणून गावच्या खविसाची गंमतही लिहिली.

मामांचं उत्तर महिन्याने आलं. त्याच आठवड्यात गावात दवंडी पिटली गेली होती, की बंदरावर पक्का धक्का होणार.

धक्क्याची बातमी शाळेत येऊन सांगितली ती बापू सुर्व्यांनी. बापू गावचे सरपंच आणि शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. गावात पहिला दिवा, पहिली एस.टी., पहिला नळ आणायचा, एवढं एकच वेड त्यांना होतं.

"भरावाला दगड कुठून आणणार, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "खविसाची रास आयती पडलीय. खविस जाईल समुद्रात आणि वर उभा राहील धक्का. एका दगडात दोन पक्षी. येत्या सोमवारी इंजिनिअर येतोय आखणी करायला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्समधलं मामांचं पत्र मुठीत दाबून उभी होते. मामांनी लिहिलं होतं: 'तुझ्या विद्यार्थिनीचे सगळे शब्द स्वाहिली आहेत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे. आणि तुमचा तो लाला खविस वाचून मी दचकलोच. अगं, लाला म्हणजे नीज. आमची आया तुझ्या मामेभावंडांना थोपटताना हेच म्हणायची.'

शाळा सुटल्यावर मी तरीवर, चाचाच्या होडीकडे गेले. पलीकडे जायचं काहीच काम नव्हतं. होडीत आम्ही दोघंच. खाडीच्या मध्यावर मी म्हटलं, "चाचा, लाला म्हणजे झोप ना?"

वल्हं थांबलं. भरती लागली होती, होडी आपली आपण आत सरकू लागली.

"कोन बोलला तुमाला?"

"माझ्या मामांचं पत्र आलंय. ते आफ्रिकेत होते."

 मग त्याने विचारलं, "तितं अजून बोलतात? लोकं? ह्यो शब्द?"

"सगळे बोलतात. बायका मुलांना निजवताना म्हणतात."

त्याने टोपी काढली, तिनेच डोळे पुसले आणि ती पुन्हा डोक्यावर घातली. "मला वाटला, मी शेवटचा," तो म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं. मी विचारलं म्हणून नव्हे. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं म्हणून.

"माझ्या आईची आजी. आठ-नऊ वर्साची होती. गलबतात भरून आनलेली, विकायला. ती, तिची आय, आनखी लोकं. किती ते आमाला ठाव नाय. वाटेत गलबतात देवी आल्या. मालकानं मेलेली आन मरायला टेकलेली, सगळी ह्या पुळनीवर उतरवली आन शिडं चढवून गेला. पाठी वळून बघितला पन नाय. ती तेवढी जगली. खड्डे खनायला हातात बळ नाय. मग तिनं एकेकावर धोंडे ठेवले. एक धोंडा ठेवायची आन बोलायची, लाला. झोप. आईवर तर दिवसभर ठेवत होती बोलतात."

"आणि गावाने बघितलं."

"लांबून. काळी पोर, मडी, धोंडे. गाव भ्याला. त्यांना वाटला, पोर भुताला दाबतेय, नाव घेऊन घेऊन. मग गाव पन मारायला लागला. लाला शब्द तिचा घेतला, खाली बस आपल्या पदरचा लावला."

"आणि तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिलात? तुमच्या माणसांना लोक दगड मारतात आणि..."

"मारतात, पन वर पडतात ना?" तो म्हणाला. "रास वाढते. आमी दोन हातांनी किती ठेवले असते, बाई? वर्साला चार. गाव हजारांनी टाकतो. कसा का टाकंना."

मला हे पटलं नाही, आणि आवडलंही नाही. मी इंजिनिअरबद्दल सांगितलं. म्हटलं, आपण हे गावाला सांगू, रास वाचवू. त्याने वल्हं आत घेतलं आणि माझ्यासमोर हात जोडले. वयाने माझ्या आजोबांएवढा माणूस.

"जुलेखाचा निकाह होऊ द्या. अरब म्हनून दिलीय मी तिला. सारंगाच्या घरात कळला, की बांदीची अवलाद हाय, तर उंबरा चढू देनार नायत. तिला पन ठाव नाय. झाकली मूठ हाय बाई. तुमी उघडू नका."

"पण चाचा, सोमवारनंतर रास राहणार नाही. तुमची सगळी माणसं धक्क्याखाली जातील."

"जाऊ द्या. मेलेल्यांना घाई नसते. जित्या पोरीला असते." मग म्हणाला, "माझा नाव घेतलात तरी चालंल. तिचा नको."

"नाही घेणार," मी म्हटलं. "शब्द देते."

सोमवारी इंजिनिअर आले. करंदीकर नावाचे, शांत, घामाघूम झालेले गृहस्थ. पुळणीवर खुंट्या ठोकायचं काम चाललं होतं, निम्मा गाव बघायला जमला होता. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. गलबत, देवी, धोंडे, शब्दाचा अर्थ. नावं मात्र कुणाची घेतली नाहीत. "गावातल्या एका वृद्धाकडून समजलं," एवढंच म्हटलं.

बापू म्हणाले, "बाई, खविसाचं वकीलपत्र तुम्हाला कुणी दिलं?" लोक खो खो हसले. येसू सगळ्यांत मोठ्याने हसली.

करंदीकर हसले नाहीत. ते म्हणाले, "गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. पण नुसत्या गोष्टीवर मला नकाशा बदलता येत नाही. काही लेखी आहे? कुणी लिहिलं, कधी, कुठे, हे असलं पाहिजे. चारला मी निघतो."

मी शाळेकडे धावले. शिक्षकांच्या खोलीत, माझ्या खणात, झुलेखाचं ते पान होतं. मामांच्या पत्राशेजारी ते ठेवलं की शब्दाला शब्द जुळत होता. दुसरा कुठलाही पुरावा जगात नव्हता. पानाच्या डोक्यावर तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: कु. झुलेखा, इयत्ता अकरावी, आणि तारीख. शेजारच्या टेबलावर शिवणाच्या बाईंची कात्री होती. वरचा दोन बोटं कागद कापला, की नाव गेलं असतं.

मी कात्री हातात घेतली होती, हे मला स्वच्छ आठवतं. आणि ती परत ठेवली, हेही. कुणी, कधी, कुठे, असं साहेबांनी विचारलं होतं. नाव कापलेल्या चिटोऱ्याला कोण पुरावा म्हणणार? शिवाय सत्य कळलं की लोक शहाणे होतात, असं मी स्वतः वर्गात शिकवत असे. सारंगाच्या घरचे लोकही माणसंच की, तीही समजून घेतील. असं सगळं मी शाळेपासून पुळणीपर्यंतच्या वाटेवर स्वतःला समजावलं. त्या वाटेला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

करंदीकरांनी दोन्ही कागद नीट वाचले. मग मान हलवून मोठ्याने म्हणाले, "हे मात्र विचार करण्यासारखं आहे. ही झुलेखा कोण?"

 मग बापू सावकाश म्हणाले, "आपल्या तरवाल्याची नात." आणि सगळा गाव वळून होडीकडे बघायला लागला. इब्राहिमचाचा गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीतलं पाणी उपसत होता. त्याने वर बघितलं, सगळ्यांकडे नाही, माझ्याकडे. आणि पुन्हा पाणी उपसायला लागला.

रास वाचली. धक्क्याचा रस्ता पंचवीस फूट उत्तरेला सरकला. साहेब ते पान आपल्या फायलीत घालून घेऊन गेले.

मी तर हवेतच होते. शाळेची प्रभातफेरी काढली. 'खविस नव्हे, माणूस' असे फलक मुलांच्या हातात दिले. निवडुंग तोडून घेतलं, रंगाऱ्याकडून पत्र्याची पाटी करवून घेतली. मजकूर माझा. 'येथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे चिरनिद्रा घेत आहेत. त्यांचा मान राखा. येथे दगड टाकू नयेत.' बापूंनाही त्यात गोडी वाटू लागली, कारण तालुक्याहून साहेबलोक पाटी बघायला येऊ लागले. पोरांच्या पाळ्या लावून मी राशीवर पहारा ठेवला. दगड टाकणं आठ दिवसांत बंद झालं.

प्रभातफेरीत झुलेखा सगळ्यांच्या पुढे होती. आजोबांनी तिला आता सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी तिने केस मोकळे सोडले होते, तेलाशिवाय, आणि ते तिच्या डोक्याभोवती आभाळासारखे पसरले होते. ती मला म्हणाली, "बाई, म्हणजे ती भूत नव्हती. आमची कुणीतरी होती." तिचं ते हसू मला आजही दिसतं. निकाहाचं काय, असं मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी सारंगाच्या घरून एक माणूस आला. तो घरात आला नाही, पाणीही प्यायला नाही. अंगणातूनच त्याने मंगनीची अंगठी परत मागितली. इब्राहिमचाचाने ती आणून त्याच्या हातावर ठेवली आणि त्यालाच होडीत बसवून पलीकडे सोडून आला. उतारूंची दुसरी होडी होती कुठे?

आणि पंधरा दिवसांनी खाडीच्या तोंडाशी येसूच्या मुलाची होडी उलटली. बाकीचे तिघं पोहून आले, तो आला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. वाऱ्याचं कारण होतं, वाळूच्या दांड्याचं कारण होतं. पण येसू शाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली, केस सुटलेले, आवाज बसलेला.

"बाय, मी बोललेले ना? बोललेले का नाय? दगूड बंद केलात तुमी. उठला तो. माजा पोर नेला." मी तिला धरायला गेले, तिने माझा हात झिडकारला. "आन तुमीच लिवलंय ना, त्याचीच अवलाद गावात ऱ्हाते म्हनून?"

मी तसं काही लिहिलं नव्हतं. पण जे लिहिलं होतं त्यातून तिने वाचलं ते हे.

राशीवर दगड टाकायला मनाई होती, मुलांचा पहारा होता. गावाच्या हातांना तर पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पहिला दगड इब्राहिमचाचाच्या कौलांवर पडला. मग रोजच पडू लागले. येताजाता, एकेक, जसे राशीवर पडायचे तसेच. लोकांना त्याचा काही राग होता असंही वाटेना. शिव्या नाहीत, भांडण नाही. दगड टाकायचा, "लाला, खाली बस" म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. चाचाच्या होडीतही कुणी बसेना. माणसं दोन कोस वळसा घालून चालत जाऊ लागली. मी घरोघर फिरले, हात जोडले, पत्र वाचून दाखवलं. सगळे ऐकून घ्यायचे. "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल," बापू म्हणाले, "पण लोकांची भीती खोटी आहे का? करायला गेलात गणपती आणि झाला मारुती. आता मी कुणाकुणाचे हात धरू?"

परीक्षेचं केंद्र खाडीपलीकडे होतं. पहिल्या पेपराच्या सकाळी झुलेखा लिहायचं पॅड छातीशी धरून होडीकडे निघाली. मी धक्क्याच्या खुंट्यांपाशी उभी होते, तिला सोबत म्हणून. तिने पुन्हा तेल लावून केस घट्ट बांधले होते. राशीशेजारून येताना पहाऱ्यावरच्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं. माझीच पोरं, महिन्यापूर्वी फलक घेऊन चाललेली.

"लाला, खाली बस!"

दगड तिच्या भुवईच्या वर लागला. ती ओरडली नाही. पळाली नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. तिथेच, वाळूत, मांडी घालून, सांगितल्यासारखी.

मी पदराने रक्त दाबून धरलं.  ती मला म्हणाली, "बाई, माझं ते पान परत द्या ना."

"कुठलं गं?"

"शब्दांचं. मी तुम्हाला दिलेलं. तुम्हाला दिलेलं ते, गावाला नाही."

ते पान माझ्याकडे नव्हतं. ते मी तिला सांगू शकले नाही. पेपर तिने दिला नाही, तो नाही आणि पुढचेही नाहीत. जखम भरली, पण त्या डोळ्याची पापणी पुढे कधी पुरती उघडली नाही.

एप्रिलच्या शेवटी इब्राहिमचाचाने गाव सोडलं. मुंबईच्या गोदीत त्याचा कुणी दूरचा भाऊ होता. सामान असं नव्हतंच. दोन ट्रंका, एक ढोलकं, झुलेखाची पुस्तकं. सकाळच्या भरतीला ती होडीत भरून झाली, झुलेखा काठावर उभी राहिली, डोक्यावरून ओढणी भुवईपर्यंत ओढलेली. इब्राहिमचाचाने पाण्याकडेचा एक गोल, काळा दगड उचलला, धुतला आणि राशीकडे निघाला.

बापू तिथेच होते. धक्क्याच्या कामावर देखरेख करत होते. ते आडवे आले. जोरात बोलले नाहीत, जरा अवघडूनच बोलले. "चाचा, पाटी आहे. साहेबलोक येतात बघायला. एकाला सूट दिली की सगळेच टाकतील."

इब्राहिमचाचा थांबला. त्याने मला हाक मारली. "बाई, मला वाचता येत नाय. काय लिवलाय?"

मी वाचलं. आफ्रिकेतून, गुलाम, चिरनिद्रा, मान.  मग शेवटची ओळ वाचली. "येथे दगड टाकू नयेत."

"टाकू नये, बोलते पाटी," तो म्हणाला. "ठेवू नये, पन बोलते का?"

गाव बघत होता. येसू तोडलेल्या निवडुंगाच्या बुंध्यापाशी उभी होती, हातात दगड होता की नव्हता मला दिसलं नाही. एवढंच म्हणायचं होतं मी, की ठेवा चाचा, पाटी माझी आहे, चूक माझी आहे. मी बोलले नाही. भीती वाटली असं नाही. लाज वाटत होती, आणि लाजेने माणूस भित्र्याहून निकामी होतो. चाचाने माझ्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मग माझा हात धरून उलटा केला आणि तो ओला दगड माझ्या तळहातावर दिला.

"मग तुमीच ठेवा," तो म्हणाला.

ओठ हलले त्याचे, राशीकडे बघून, एकदाच. त्याने झुलेखाला हाताला धरून होडीत चढवलं. "पोले, पोले," म्हणाला. होडी दांड्याबाहेर जाईपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली. त्या दोघांचा पत्ता शोधायचा मी फार प्रयत्न केला, सापडला नाही. शाळा समितीने माझ्या साठीला बोलावून सत्कार केला तेव्हा मी सावरबंदरला गेले होते. पाटी आता ग्रॅनाइटची आहे, भोवती साखळी आहे. पाचवीतल्या मुलीने लाला शब्दाचा अर्थ मला खडाखडा म्हणून दाखवला, अगदी बरोबर. तरवाल्याचं घर कुठे होतं, असं मी विचारलं, तर ते कुणालाच सांगता आलं नाही. रास मी ठेवून गेले तेवढीच आहे. मजकूर माझाच आहे, शेवटच्या ओळीसकट.

दगड तेव्हाही माझ्या पिशवीत होता. साखळीपर्यंत जाऊन मी तो परत आणला. ठेवा म्हणजे जपून ठेवा, की नेऊन ठेवा, हे मी त्याला विचारलं नव्हतं.